प्रेमभंगाचा वैद्य

प्रेमभंगातून सावरण्याचे मार्ग सांगणाऱ्या पुस्तकांना आज तोटा नाही. रेल्वे स्थानकावरच्या बुक स्टॉलपासून वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतील सल्ल्याच्या सदरांपर्यंत सर्वत्र तेच उपाय थोड्याफार फरकाने वाचायला मिळतात. स्वतःला कामात गुंतवून घ्यावे, जुनी पत्रे नष्ट करावीत, काही काळ गाव सोडावे, एकटे राहू नये. हे सारे आधुनिक मानसशास्त्राचे देणे असावे असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात हे सगळे उपाय दोन हजार वर्षांपूर्वी रोममधल्या एका कवीने ८१४ ओळींच्या लॅटिन काव्यात लिहून ठेवले होते. त्याचे नाव पब्लियस ओव्हिडियस नासो. जग त्याला ओव्हिड म्हणून ओळखते. हा ग्रंथ हातावेगळा केल्यावर सहा-सात वर्षांतच या कवीवर स्वतःची औषधे स्वतःवरच वापरून पाहण्याची वेळ आली, आणि ती वेळ अखेरच्या श्वासापर्यंत टळली नाही. जगात उपदेशक पुष्कळ होऊन गेले, पण स्वतःच्या उपदेशाची अशी कठोर परीक्षा फार थोड्यांच्या वाट्याला आली असेल.

ओव्हिडचा जन्म इ.स.पूर्व ४३ मध्ये २० मार्च रोजी झाला. ज्युलियस सीझरच्या हत्येला तेव्हा एक वर्ष आणि पाच दिवस झाले होते. त्याचे गाव सल्मो, म्हणजे आजचे सुल्मोना, रोमपासून सुमारे ९० रोमन मैलांवर, अपेनाइन पर्वतराजीतल्या एका पाणथळ, हिरव्यागार खोऱ्यात वसलेले. घराणे जुने आणि सुस्थितीतले. सरदारवर्गाच्या दुसऱ्या पायरीवरचे. त्याच्याहून बरोबर एक वर्षाने मोठा भाऊ होता. दोघांचा वाढदिवस एकच, त्यामुळे घरात त्या दिवशी देवाला दोन पोळ्यांचा नैवेद्य दाखवला जाई. पित्याने दोन्ही मुलांना शिक्षणासाठी रोमला आणले. थोरल्याला वक्तृत्वाची आणि वकिलीची ओढ, धाकट्याला कवितेची. कवितेने कोणाचे पोट भरत नाही, खुद्द होमरही मागे काही संपत्ती ठेवून गेला नाही, असे पित्याने त्याला अनेकदा बजावले. मुलाने आज्ञा पाळून गद्य लिहिण्याचा प्रयत्न केला. पण लिहावे ते छंदात उतरे. थोरला भाऊ वयाच्या विसाव्या वर्षी वारला. आपल्या जिवाचा एक भाग तेव्हापासून हरवला, असे ओव्हिडने पुढे नमूद करून ठेवले आहे.

अरेलियस फुस्कस आणि पोर्सियस लात्रो या नामांकित गुरूंकडे त्याने वक्तृत्वाचे धडे घेतले. अथेन्स, आशिया मायनर आणि सिसिली पाहिले. काही किरकोळ न्यायविषयक पदे सांभाळली, आणि सिनेटचा मार्ग समोर दिसू लागताच राजकारणाला रामराम ठोकला. प्रॉपर्शियस त्याचा स्नेही होता. होरेसच्या तोंडून त्याने कविता ऐकल्या, तर व्हर्जिलला तो केवळ लांबून पाहू शकला. विवाह तीन झाले. पहिला अगदी कोवळ्या वयात आणि अल्पजीवी. दुसऱ्या पत्नीला त्याने कोणताही दोष दिला नाही, तरी तोही संसार टिकला नाही. तिसरी पत्नी मात्र अखेरपर्यंत त्याची राहिली. तिचे नाव त्याने आपल्या कवितांत कोठेही येऊ दिले नाही. त्याला एक मुलगी होती, आणि तिच्यामुळे तो दोनदा आजोबाही झाला.

तरुण वयातच 'आमोरेस' या प्रेमकवितांनी त्याचे नाव रोमच्या तोंडी झाले. पाठोपाठ पुराणकथांतील विरहिणींनी लिहिलेल्या काल्पनिक पत्रांचा 'हेरॉइडेस' हा संग्रह आला. मग त्याने 'आर्स अमाटोरिया', म्हणजे प्रेमकलेचे शास्त्र, तीन भागांत लिहिले : प्रेयसी कोठे शोधावी, कशी मिळवावी, कशी टिकवावी, आणि तिसऱ्या भागात हाच विषय स्त्रियांसाठी. शेती किंवा शिकारीवर जसे पद्यबद्ध पाठ्यग्रंथ असत, त्यांचाच थाट घेऊन ही थट्टा केलेली होती. पण काळ थट्टेचा नव्हता. सम्राट ऑगस्टसने इ.स.पूर्व १८ मध्ये व्यभिचाराला फौजदारी गुन्हा ठरवणारा कायदा केला होता, आणि त्याच कायद्याचा बडगा इ.स.पूर्व २ मध्ये त्याला स्वतःच्या मुलीवर, ज्युलियावर, उगारावा लागला; तिला एका ओसाड बेटावर धाडण्यात आले. अशा वेळी हे पुस्तक शहरभर हातोहात फिरत होते.

'रेमेडिया अमोरिस', म्हणजे प्रेमावरचे उपाय, हे काव्य इ.स. १ ते २ च्या सुमाराचे. ओव्हिड तेव्हा पंचेचाळिशीच्या आसपास होता. ग्रंथाच्या आरंभीच मदनदेव क्युपिड शीर्षक वाचून बिथरतो. आपल्याविरुद्ध युद्ध पुकारले जात आहे, असे त्याला वाटते. कवी त्याची समजूत घालतो. ज्यांचे प्रेम सुखाचे आहे त्यांनी खुशाल करत राहावे. हा ग्रंथ आहे तो गळफास घेऊ पाहणाऱ्यांसाठी, छातीत खंजीर खुपसून घेणाऱ्यांसाठी. असे शिक्षण मिळाले असते तर कार्थेजची राणी डायडो जगली असती, असा त्याचा दावा. दावा विनोदी ढंगात केलेला असला, तरी त्यामागची चिंता खोटी नाही. प्रेमभंगाने माणसे मरतात आणि ती मरू नयेत, ही या पुस्तकाची जन्मकथा आहे.

उपायांची सुरुवात वेळेपासून होते. दुखणे अंकुरात असेल तर तेथेच खुडावे. पण ते भरात आले असेल तर वैद्याने थांबावे. मुलाच्या चितेपाशी रडणाऱ्या मातेला कोणी शहाणा माणूस उपदेश करायला जात नाही. हे त्याचे निरीक्षण आजच्या कित्येक समुपदेशकांनी शिकावे असे आहे. त्यानंतर रिकामपणाचा समाचार घेतलेला आहे. मदनाचे धनुष्य रिकाम्या वेळेवर पोसते, म्हणून कोर्टकचेरीत जावे, सैन्यात जावे, नांगर धरावा, कलमे बांधावीत, पारध करावी, अगदीच काही नाही तर गळ टाकून मासे धरावेत. शेतीचे वर्णन करताना कवी इतका रमतो, की क्षणभर तो प्रेमभंग विसरून सल्मोच्या खोऱ्यात जाऊन आला असावा असे वाटते.

मग येतो प्रवासाचा सल्ला. दूर जावे, पाय निघत नसेल तर मुद्दाम जावे. पाऊस यावा, सण आडवा यावा आणि प्रयाण लांबावे अशी इच्छा धरू नये. किती मैल आलो आणि किती दिवस झाले याचा हिशेब ठेवू नये. आणि मुख्य म्हणजे वारंवार रोमकडे वळून पाहू नये. पंचेचाळिशीच्या सुखवस्तू कवीने हा नियम लिहिताना तो पुढे आपल्यालाच लागू पडेल, याची त्याला कल्पनाही नसावी.

ग्रंथाचा सर्वांत गाजलेला भाग प्रिय व्यक्तीच्या दोषांचा आहे. तिने केलेल्या फसवणुकीची मनाशी उजळणी करावी, तिच्यापायी झालेला खर्च मोजावा, तिच्या प्रत्येक गुणाला शेजारच्या दोषाचे नाव द्यावे. भरलेल्या अंगाची असेल तर सुजलेली म्हणावे, सडपातळ असेल तर काटकुळी. आवाज नसेल तर गाण्याचा आग्रह करावा, चालण्यात डौल नसेल तर चालायला लावावे, आणि सकाळी साजशृंगार होण्यापूर्वीच तिच्या दारी थडकावे. आजच्या वाचकाला, विशेषतः वाचक स्त्रीला, हा भाग रुचणार नाही. आपला उपदेश स्त्रियांनीही आपल्यापुरता उलटवून घ्यावा असे कवी म्हणतो खरा, पण उदाहरणे बहुतेक सगळी पुरुषाच्या बाजूची आहेत. मात्र याच ठिकाणी त्याने एक कबुलीही दिली आहे. एका मुलीवर आपला जीव जडला असता या वैद्याने स्वतःवरच उपचार केले. तिचे पाय किती कुरूप आहेत असे तो स्वतःला रोज बजावत राहिला. पाय मुळीच कुरूप नव्हते, हेही त्याने सांगून टाकले आहे. वैद्य असून आजारी पडलो याची त्याला लाज वाटली होती.

उरलेले उपाय अधिक सूक्ष्म आहेत. एकांत टाळावा, कारण दुःखी माणसाला एकांतात नेमके नको तेच चेहरे दिसतात. विश्वासू मित्र जवळ असावा. जुनी पत्रे कितीही जड गेले तरी जाळावीत. तिची चित्रे ठेवू नयेत, ज्या जागी भेटी होत त्या जागा टाळाव्यात. नाट्यगृहात जाऊ नये. प्रेमकवी वाचू नयेत, आणि यात त्याने आपल्या स्वतःच्या कविताही अंतर्भूत केल्या आहेत. आपण प्रेमात नाही असे जो गावभर सांगत सुटतो तो अजून प्रेमातच आहे, म्हणून गप्प राहावे. ज्या व्यक्तीवर कधीकाळी प्रेम केले तिचा द्वेष करणे लाजिरवाणे आहे. प्रेम हळूहळू विरून जावे, वैरात संपू नये. येथे त्याने एक किस्सा रंगवला आहे. एक गृहस्थ प्रेयसीविरुद्ध दावा लावण्याच्या आवेशात होता. ती मेण्यातून उतरताच त्याच्या हातातले कागद गळून पडले, आणि त्याने तिला मिठी मारली.

या साऱ्यात एक विधान सहज निसटून जाण्याजोगे आहे, आणि तेच सर्वांत मोलाचे. माणसाला सुटका व्हायला उशीर लागतो, कारण आपल्यावर अजूनही कोणाचे तरी प्रेम आहे अशी आशा प्रत्येकाला असते. आपण स्वतःवर खूश असतो, म्हणून भाबडे बनतो. दुखणे प्रेमापेक्षा आशेमुळे लांबते, हे ओव्हिडने त्या दोन ओळींत ओळखले होते.

हे उपाय खरोखर चालतात का, याची तपासणी आधुनिक प्रयोगशाळेतही झाली आहे. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या सेंट लुइस शाखेतील सँड्रा लँगेस्लाग आणि मिशेल सँचेझ यांनी २०१८ मध्ये प्रेमभंगाने व्यथित अशा २४ जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. पूर्वीच्या जोडीदाराचे दोष आठवले की प्रेमाची भावना ओसरे, पण मन अधिक खिन्न होई. दुसऱ्या विषयात मन गुंतवले की मनाला बरे वाटे, पण प्रेम तसेच राही. अभ्यास लहान होता, त्यावर फार मोठी इमारत उभारता येणार नाही. तरीही ओव्हिडच्या दोन प्रमुख औषधांपैकी एक कडू पण गुणकारी आणि दुसरे गोड पण वरवरचे ठरावे, हा योगायोग मजेशीर आहे. दोन्ही एकत्र का द्यावीत, हे त्या रोमन वैद्याने अंदाजानेच ताडले होते.

'रेमेडिया'नंतर ओव्हिडने प्रेमकवितेचा प्रांत सोडला. सृष्टीच्या उत्पत्तीपासून सीझरपर्यंत सुमारे अडीचशे कथा गुंफणारे 'मेटामॉर्फोसिस' हे पंधरा सर्गांचे महाकाव्य आणि रोमन सणवारांचे 'फास्टी' ही दोन्ही कामे एकाच वेळी चालू होती. वय पन्नास, कीर्ती शिखरावर, घर भरलेले, कॅपिटोल टेकडीच्या शेजारी वास्तव्य, आणि रोमबाहेर एका टेकडीवर बाग, जिथे तो स्वतःच्या हाताने रोपांना पाणी घाली. इ.स. ८ मध्ये तो एल्बा बेटावर असताना वार्ता आली. ऑगस्टसने त्याला काळ्या समुद्राच्या काठी टोमिस येथे हद्दपार केले होते.

खटला नाही, सिनेटचा ठराव नाही. केवळ सम्राटाचा हुकूम. दोन कारणे असल्याचे ओव्हिड सांगतो : एक काव्य आणि एक चूक. काव्य म्हणजे 'प्रेमकला'. ते प्रसिद्ध होऊन बरीच वर्षे लोटली होती. चूक कोणती, हे त्याने कधीही उघड केले नाही; आपण काहीतरी पाहू नये ते पाहिले, एवढाच संकेत दिला. त्याच वर्षी ऑगस्टसची नात, दुसरी ज्युलिया, हिलाही हद्दपार करण्यात आले. कवीचे नागरिकत्व आणि मालमत्ता कायम राहिली. पुस्तके मात्र सार्वजनिक ग्रंथालयांतून काढण्यात आली.

रोममधल्या शेवटच्या रात्रीचे वर्णन त्याने स्वतः केले आहे. घरात प्रेतयात्रेसारखा आक्रोश. पत्नी त्याला बिलगून आपल्यालाही सोबत नेण्याची विनवणी करत होती. तिने मागे राहून खटपट करावी, असे ठरले. तो तीनदा उंबरठ्यापर्यंत गेला आणि तीनदा माघारी आला. निरोप घेऊन झाल्यावर पुन्हा बोलत राहिला, सांगितलेल्याच सूचना पुन्हा सांगितल्या, घाई कसली असे म्हणत राहिला. निघण्यात चालढकल करू नये असे शिकवणाऱ्या माणसाची ही स्थिती होती. तो गेल्यावर पत्नी जमिनीवर कोसळली आणि तिचे केस धुळीत माखले. 'मेटामॉर्फोसिस'ची आपल्याजवळची प्रत त्याने अग्नीत टाकली. सुदैवाने इतर प्रती मित्रांच्या हाती होत्या. डिसेंबरच्या वादळी समुद्रावर, डोक्यावरून लाटा जात असतानाच, त्याने 'ट्रिस्टिया' म्हणजे शोककाव्ये लिहायला घेतली.

टोमिस म्हणजे आजचे रुमानियातले कॉन्स्टान्त्सा. मिलेटसच्या ग्रीकांनी वसवलेले ते जुने बंदर होते, पण ओव्हिडच्या काळात साम्राज्याची कड तेथेच संपत होती. थंडीत डॅन्यूब गोठे, मग पलीकडचे घोडेस्वार बर्फावरून येऊन गुरे लुटत, माणसे पकडून नेत. दारू रांजणाच्या आकारातच गोठून उभी राही आणि तिचे तुकडे वाढले जात. तटाच्या आत विषारी बाण येऊन पडत. तारुण्यात सैनिकी कामाचा कंटाळा केलेल्या कवीला पांढऱ्या केसांवर शिरस्त्राण चढवावे लागले. या चित्रात अतिशयोक्ती निश्चित आहे. ज्या किनाऱ्याला त्याने नरकाची उपमा दिली, त्याच किनाऱ्यावर आज उन्हाळ्यात पर्यटकांची झुंबड उडते. पण त्याला सम्राटाची दया मिळवायची होती, आणि मोडलेल्या मनाला ऊनही थंडच लागते.

आता त्याचे नियम आणि त्याचे आचरण शेजारी ठेवून पाहावे. दिवस मोजू नयेत, असे त्याने लिहिले होते. टोमिसमध्ये तो किती हिवाळे गेले याची नोंद कवितेमागून कवितेत करत राहिला. तीन वर्षे दहा वर्षांसारखी गेली, काळच थांबला असावा, अशी तक्रार त्याने केली. जुन्या जागा टाळाव्यात, असे त्याने लिहिले होते. तो डोळे मिटून रोज फोरम, मंदिरे, संगमरवरी नाट्यगृहे, हिरवळी आणि कालव्यांवरून हिंडत असे. रोममधली विजययात्रा त्याने टोमिसमध्ये बसून कल्पनेने पाहिली, घोड्यांच्या टापांसह आणि रस्त्यावरच्या फुलांसह. पत्रे जाळावीत असे म्हणणारा माणूस पत्र उशिरा आले म्हणून मित्रांवर रुसू लागला. रोमकडे वळून पाहू नये, असे ज्याने शिकवले त्याच्या उरलेल्या आयुष्यात रोमकडे पाहण्याखेरीज दुसरा उद्योगच नव्हता. आपल्या नव्या पुस्तकालाच त्याने यात्रेकरूसारखे रोमला पाठवले. ते पुस्तक लंगडत लंगडत राजवाड्याजवळच्या ग्रंथालयाशी जाते आणि तेथून हाकलले जाते, अशी ती कविता आहे.

कामात मन गुंतवण्याचा उपायही त्याला सुचला नव्हता असे नाही. आपल्याला येथे थोडी जमीन मिळाली, तर स्वतः नांगर धरू, शेळ्या राखू, बैलांना हाकण्यासाठी गेटिक लोकांची हाळी शिकून घेऊ, असे त्याने एका मित्राला कळवले. पण तटाबाहेर शेती करणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होते. उपदेशाच्या पुस्तकात माळरान नेहमी मोकळे असते.

मराठी वाचकाला येथे कालिदासाचा यक्ष आठवल्याशिवाय राहणार नाही. नागपूरजवळच्या रामटेकशी ज्याची सांगड घातली जाते, त्या रामगिरीवर शापाने एकटा पडलेला तोही एक हद्दपार. त्याची पत्नी उंबरठ्यावर फुले मांडून दिवस मोजते. फरक इतकाच, की यक्षाचा शाप एका वर्षाचा होता आणि मेघ दिसला तेव्हा त्यातले चारच महिने उरले होते. ओव्हिडच्या शिक्षेला मुदत नव्हती. मुदत नसलेला विरह मोजायचा तरी कोठून आणि कोठवर?

रोममधून त्याला सल्लाही येत होता. रुफिनस नावाच्या मित्राने सांत्वनाचे सविस्तर पत्र धाडले. हद्दपारी धैर्याने सोसलेल्या थोरांचे दाखले हा अशा पत्रांतला नेहमीचा ऐवज, आणि ओव्हिडचे उत्तर त्यालाच धरून आहे. ज्याने आयुष्यात सर्वांत लोकप्रिय सल्लाग्रंथ लिहिला, तो आता सल्ला घेणाऱ्याच्या जागी होता, आणि त्याचे वर्तन एखाद्या उत्तम रुग्णासारखे आहे. सल्ला चांगला आहे, तो प्रेमाने दिलेला आहे, वाचताना मन थोडे उभेही राहिले, असे तो मान्य करतो. मग सांगतो, की रोग्याला दर वेळी बरे करणे वैद्याच्या हाती नसते. काही दुखणी विद्येला पुरून उरतात. मित्राचे शब्द जेवढे विणतात, तेवढे मायभूमीची ओढ उसवून टाकते. याला भक्ती म्हणावे की बायकी हळवेपणा, ते तूच ठरव, आपले मन मऊ आहे हे कबूल, असेही तो लिहितो. जुने दाखले त्याला पटत नाहीत : रुटिलियस स्मर्नाच्या सुंदर शहरात राहिला, अरिस्टायडिस स्पार्टाला गेला, कोणीही इतक्या दूर, इतक्या उजाड जागी गेला नव्हता. जखम अजून ओली आहे, कदाचित काळाने भरेल, असे म्हणून तो आभार मानतो.

ही शरणागती प्रामाणिक आहे, पण तिच्यामागचे कारण 'रेमेडिया'तच लिहिलेले होते. विसरण्याचा प्रत्येक उपाय रुग्णाला विसरायचे आहे, हे गृहीत धरतो. ओव्हिडला विसरायचे नव्हते. रोम विसरला असता तर तो कोण उरला असता? शिवाय आशा होती. पत्नी रोममध्ये खटपट करत होती, मित्र दरबारात होते, सम्राट म्हातारा होत चालला होता आणि शिक्षा थोडी सौम्य करून जवळच्या एखाद्या गावी जाऊ देईल, एवढेच त्याचे मागणे होते. प्रत्येक कविता म्हणजे एक अर्ज होता, आणि प्रत्येक अर्ज जखमेवरची खपली काढत होता. आपल्यावर अजून कोणाची तरी मर्जी आहे या भाबडेपणामुळे सुटका लांबते, हे लिहिणाराच त्या भाबडेपणात नऊ वर्षे अडकून पडला. त्याच्या सल्ल्यात खोट होती असे मात्र यावरून ठरत नाही. ज्याची प्रेयसी दुसऱ्याची झाली आहे त्याच्यासाठी तो सल्ला होता. ज्याची आशा कायद्याने जिवंत ठेवली आहे त्याच्यासाठी नव्हता.

पत्नीला लिहिलेल्या पत्रांत या आशेचे चढउतार दिसतात. सुरुवातीला ती पेनेलोपीहून श्रेष्ठ आहे. एका पत्रात तो कल्पना करतो, की तिचेही केस आता पिकले असतील, आणि त्या पिकल्या केसांचे चुंबन घेण्याची इच्छा व्यक्त करतो. प्रेमकलेच्या तिन्ही भागांत इतकी साधी आणि इतकी खरी जागा सापडत नाही. नंतर सूर बदलतो. सम्राज्ञी लिव्हियाकडे जाऊन पदर पसरण्यात तू कमी पडतेस, अशी कुरकुर येते. कोणत्या वेळी जावे, किती रडावे, याच्या सूचनाही येतात. 'पोंटसहून पत्रे' या संग्रहाच्या चौथ्या आणि शेवटच्या भागात तिला उद्देशून एकही पत्र नाही.

मग त्याला कशाचाच उपयोग झाला नाही का? लिहिण्याचा झाला, असे तो वारंवार सांगतो. बेडी घातलेला मजूर माती खणताना गातो, होडी ओढणारा चिखलात वाकून गातो, तसे आपले गाणे; त्यामुळे ओझे कमी होत नाही, पण वेळ जातो. पुष्कळ कविता लिहून त्याने चुलीत घातल्या. पण दुःखाविषयी लिहिणे सर्वांना मानवते असेही नाही. अॅरिझोना विद्यापीठातील डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये वैवाहिक जोडीदारापासून नुकत्याच विभक्त झालेल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जी माणसे आपल्या दुःखाचा अर्थ सतत शोधत राहणारी होती, त्यांना मन मोकळे करणाऱ्या लेखनाने काही महिन्यांनंतर अधिक त्रास झाला. दिवसभरात काय केले एवढीच साधी नोंद लिहिणारी माणसे त्या मानाने सावरली. ओव्हिडच्या शोककाव्यांच्या पाच आणि पत्रांच्या चार भागांत साध्या नोंदी थोड्या आणि अर्थाचा शोध फार आहे.

तरी त्या साध्या नोंदींतच शेवटी शेवटी काहीतरी हलताना दिसते. तो गेटिक भाषा शिकला. तिच्यात त्याने सम्राटाच्या घराण्यावर एक कविता रचून स्थानिक लोकांना ऐकवली आणि भाते हलवून त्यांनी तिला दाद दिली, असे तो काहीशा संकोचाने कळवतो. टोमिसच्या रहिवाशांनी त्याला सन्मानाचा हार दिला आणि करमाफीही दिली. पुढे त्याच्या कवितांतली आपल्या गावाची निंदा त्यांच्या कानावर गेली, तेव्हा ते रागावले. ओव्हिडने त्यांना जे उत्तर दिले ते वाचण्यासारखे आहे : तक्रार माणसांविरुद्ध नाही, भूमीविरुद्ध आहे, तुम्ही मला इतक्या मायेने वागवले की तुम्ही ग्रीकच आहात हे कळते, सल्मोच्या माझ्या माणसांनीही यापेक्षा अधिक केले नसते. सल्मो आणि टोमिस ही नावे एका दमात घेण्याइतका तो तेथवर पोचला होता.

इ.स. १४ मध्ये ऑगस्टसचा मृत्यू झाला. तिबेरियस गादीवर आला, आणि परवानगी मिळाली नाही. 'फास्टी'ची दुरुस्ती करून ती सम्राटाच्या पुतण्याला, जर्मानिकसला अर्पण करण्याचा त्याने घाट घातला. ते काव्य सहा महिन्यांपर्यंतच येऊन थांबले. इ.स. १७ किंवा १८ मध्ये ओव्हिड टोमिसमध्ये वारला. आपल्या अस्थी लहानशा कलशातून रोमला न्याव्यात, म्हणजे निदान मेल्यावर तरी आपण हद्दपार राहणार नाही, असे त्याने पत्नीला फार पूर्वीच लिहून ठेवले होते. ते घडले नाही.

त्याच्या उपायांचे पुस्तक मात्र सर्वत्र फिरले. मध्ययुगातल्या ख्रिस्ती शाळांत लॅटिन शिकणाऱ्या मुलांच्या हाती ते पाठ्यपुस्तक म्हणून दिले जाई. प्रेमज्वर हा वैद्यकाचा विषय समजला जाई तेव्हा वैद्यांनी त्यातले उपाय औषधांच्या यादीत घातले, आणि रॉबर्ट बर्टनने १६२१ मध्ये विषादावर आपला प्रचंड ग्रंथ काढला तेव्हा प्रेमज्वराच्या प्रकरणात ओव्हिडला पानोपानी साक्षीला बोलावले. १८८७ मध्ये कॉन्स्टान्त्सा शहरात त्याचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. शिल्पकार इटलीचा एत्तोरे फेरारी. मान खाली, हनुवटी हाताशी, विचारात गढलेला म्हातारा. त्याच पुतळ्याची प्रतिकृती १९२५ मध्ये सुल्मोनाच्या चौकात बसवण्यात आली. डिसेंबर २०१७ मध्ये, त्याच्या मृत्यूला दोन हजार वर्षे होत असताना, रोमच्या नगरपरिषदेने ठराव करून ओव्हिडची हद्दपारी रद्द केली.